उष्टा ब्रेक

पाय खाली गेला आणि खाली काही नव्हतंच. म्हणजे ब्रेक होता, पण आधीच दबलेला, कुणीतरी वापरून झालेला. जिना संपलाय हे विसरून आणखी एक पायरी उतरायला जावं आणि टाच फरशीवर आपटावी, तसं झालं. पण तिथे निदान फरशी तरी आपली असते. इथे माझ्या बुटाखाली दुसऱ्याचं काम होतं. दुसऱ्याने चघळून काढून ठेवलेलं काहीतरी आपल्या जिभेला लागावं, तसला एक कोमट चिकटपणा तळव्यातून पोटरीत चढला, गुडघ्याशी थोडा थबकला आणि मग सरळ पोटात येऊन बसला. गाडी थांबली होती. बोनेटच्या पुढ्यात टायरवाल्याच्या दुकानातली ती मळकट मांजर रस्त्याच्या मधोमध बसून, मागचा पाय आभाळाकडे करून, स्वतःचं ढुंगण चाटत होती. आत्ताच ती दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून बाहेर आली होती, अर्ध्या रस्त्यापर्यंत पोचली होती आणि पुढे जायचं सोडून उलटी फिरली होती, सगळं एका झटक्यात, पाणी सांडावं तसं. आणि आता तिला काही झालंच नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, जीभ अर्धी बाहेर तशीच, आणि पुन्हा कामाला लागली.

शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक आतून एकमेकांना बांधलेले. शिकणाऱ्याने दाबला की माझाही खाली जातो, मी दाबला की त्याचाही. त्यामुळे गाडी कुणी थांबवली ते बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, आणि शिकणाऱ्याला तर नाहीच नाही, कारण त्याचा पाय भीतीने बधिर झालेला असतो, त्याला आपला पाय नक्की कुठे आहे हेसुद्धा सांगता येत नाही. कळतं ते फक्त मला. माझ्या पायाखाली ब्रेक ताठ आला तर तो माझा. लिबलिबीत खाली गेलेला आला तर तो उष्टा. इतकी वर्षं या सीटवर बसले, उष्टा ब्रेक माझ्या पायाखाली कधी आला नव्हता. आणि आला तो कुणाचा, तर गोगलगायीचा. गोगलगाय म्हणजे माझा त्या वेळचा विद्यार्थी. टपालाच्या खिडकीमागे बसून शिक्के मारणारा, गोल, मऊ, पन्नाशीचा माणूस. हाताला एवढा घाम की तो उतरल्यावर स्टिअरिंग पुसायला मी वेगळं फडकं ठेवलं होतं आणि ते फडकं मी दोन बोटांनी उचलायची. हिरवा दिवा लागला हे त्याला मागच्या गाड्यांचे भोंगे सांगायचे. त्या माणसाने मांजर बघितली, पाय उचलला, ब्रेकवर ठेवला, दाबला, आणि त्यानंतर माझा पाय तिथे पोचला. आणि त्याला ते माहीत नव्हतं. तो कपाळ पुसत माझ्याकडे वळला. त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे होते. म्हणाला, "बाई, तुमचा पाय म्हणजे पाय आहे."

मी म्हटलं, "मग."

एवढंच. एक शब्द. तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि दाताच्या फटीत काहीतरी अडकून राहावं तसा राहिला, दिवसभर जीभ तिकडेच जात होती. बरं, त्या क्षणी मी करत काय होते, तर गोष्ट सांगत होते. शिंकेची गोष्ट. पूर्वी एक नवरदेव शिकायला यायचा, त्याला ऐन चौकात शिंक आली, आणि त्याच्या 'आ' आणि 'च्छी'च्या मधल्या जागेत मी ब्रेक दाबला, डोळे उघडून बघतो तर गाडी थांबलेली, समोरच्या पोलिसाने टोपी काढलेली. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. पहिल्यांदा सांगितली तेव्हा पोलीस नव्हता. टोपी तर फारच पुढे आली. दुसरी एक कुत्र्याची आहे. कुत्रा फुटपाथवर उभा राहून रस्ता ओलांडू की नको असा विचार करत होता, त्याचा विचार पक्का व्हायच्या आत माझा ब्रेक लागला, आणि कुत्रा इतका ओशाळला की तसाच मागे फिरून घरी गेला. माणसं हसतात, हसली की खांदे सैल होतात, खांदे सैल झाले की स्टिअरिंग सरळ राहतं. मी गोष्टी सांगते त्या गाडी सरळ राहावी म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलेय. पण त्या सकाळी माझा पाय ब्रेकवर अधांतरी नव्हता. तो खाली चटईवर पसरून पडला होता, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यासारखा, कारण मी माझ्या चपळ पायाची गोष्ट रंगवत होते. आणि खरी किळस त्याच्याही पुढची होती. मांजर मला दिसली होती. गोगलगायीच्या आधी दिसली होती. डोळ्याने बघितलं, डोक्याने 'दाब' म्हटलं, आणि तो निरोप माझ्या अंगातून खाली जाताना मध्येच कुठेतरी बसून राहिला, मांडीच्या आसपास, दम खात. मला तो बसलेला कळला. आपल्याच शरीरात कुणीतरी परका भाडेकरू आहे आणि तो दार उघडायला वेळ लावतोय, असं.

शाळेत परत आलो तर गोगलगायीने सगळ्यांना सांगून टाकलं. आमची शाळा म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि मी धरून दोघं शिकवणारे. दुसरा तो मिशीवाला मास्तर. तो माझ्या हाताखालीच शिकवायला शिकला आणि आता त्याच्याही मिशा पिकल्या. गोगलगाय म्हणाला की मांजर दिसली तेव्हा तिच्या मिशा बोनेटला लागल्या होत्या, तरी बाईंनी वाचवली. म्हणजे माझी थाप आता माझ्याशिवाय वाढायला लागली होती, स्वतःचं स्वतः खाऊन. मिशीवाला हसला आणि म्हणाला, बाईंचा पाय मेल्यावर काचेच्या पेटीत ठेवणार आहोत आपण. आणि मला तो पाय तिथे दिसला. घोट्याशी कापलेला, पिवळट, अंगठ्याच्या नखाखाली मळ, बाटलीतल्या पाण्यात हळूहळू डोलणारा. मी चहा तसाच ठेवला. त्यावर साय धरली होती.

हे सगळं मी गिळलंही असतं. एखादा दिवस पाय झोपतो, म्हटलं असतं. पण पुढच्या आठवड्यापासून टिचकी शिकायला येणार होती. टिचकी माझी नात, मुलाची मुलगी. लहानपणी इतकी एवढीशी होती की टिचकी मारली तर उडून जाईल म्हणून मी हे नाव ठेवलं, आणि आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच. ती चालायला लागली त्या दिवसापासून ठरलेलं होतं की गाडी शिकेल ती आजीच्या शेजारी बसून. सून चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते, तिला सगळ्या जगाची नजर अधू वाटते. ती म्हणाली होती, "आई, तुम्ही शेजारी असाल तरच मी तिला रस्त्यावर सोडीन. दुसऱ्या कुणाच्या पायावर माझा विश्वास नाही." पायावर विश्वास. मी रात्री तो पाय घासघासून धुतला, आंघोळीच्या दगडाने, टाच लाल होईपर्यंत. मोज्याच्या रबराने पोटरीवर खोल वळ पडला होता आणि तो बोटाने दाबला तरी भरून येत नव्हता. बोट काढलं की खड्डा तसाच, मग सावकाश, अगदी आळसावून, मांस वर यायचं. तेसुद्धा उशिराच.

घरात एक बोका आहे. टिचकीने आणला, नाव साहेब. मला तो कधीच आवडला नाही. तो माझ्या उशीवर केस टाकतो, पाल मारून आणतो आणि तिची वळवळणारी शेपटी माझ्या चपलेत ठेवतो, महिन्यातून एकदा घसा खरवडत लांबट ओला केसांचा गोळा ओकतो आणि मग त्या गोळ्याकडे असा बघतो जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. पण त्या आठवड्यात मी त्याच्याकडेच बघत बसले. ओट्यावरून चमचा पडला तर चमच्याचा आवाज व्हायच्या आत साहेब तिथून गेलेला असायचा. गेला कधी ते दिसायचंच नाही. आधी इथे होता, मग तिथे होता, मध्ये काही नाहीच. माझ्या आयुष्यात मात्र आता सगळं मध्येच होतं. दार वाजलं हे ऐकू येणं आणि मी उठणं यांच्या मध्ये एक लांबलचक, ओलसर, अंधारी बोळ होती आणि तिच्यातून मला रोज चालत जावं लागत होतं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी माझा पाय माझ्याही आधी उठायचा. बसमध्ये बसले की पुढच्या सीटखाली मी ब्रेक दाबायची. सिनेमात घोडे दौडत आले की दाबायची. नवरा म्हणायचा, तुझ्या शेजारी झोपायचं तर हेल्मेट घालून झोपायला हवं, रात्रभर लाथा. सकाळी नडगीवरचे वळ दाखवायचा आणि खूश असायचा. त्याचा श्वास थांबला तेव्हा मी त्याच्या खाटेशी स्टुलावर बसले होते, आणि नर्सने खांद्यावर हात ठेवल्यावर मला कळलं की माझा पाय फरशीवर गच्च दाबलेला आहे, केव्हापासून कोण जाणे, पोटरीत गोळा आलेला. तेव्हा तो पाय वेळेवर होता. उपयोग नव्हता, पण वेळेवर होता.

टिचकीला माझी ही नजर साहेबावर लागलेली दिसली आणि तिला वाटलं आजीला खेळायचंय. तिने लाकडी पट्टी आणली. ती वर धरून सोडणार, खाली माझी दोन बोटं उघडी, पट्टी पडायला लागली की चिमटीत पकडायची. जितकी वर पकडाल तितके तुम्ही मंद. ती म्हणाली की तिने कुठेतरी वाचलंय, माणूस काहीही बघून हलेपर्यंत मांजराची दोन कामं होऊन गेलेली असतात, साप झेपावला तरी मांजर आधी बाजूला होते आणि वर त्याला एक चापट मारून मोकळी. माशीला तर आपला हात म्हणे इतका सावकाश येताना दिसतो की तिला पाय चोळायला वेळ मिळतो. मी विचारलं, असं का, तर म्हणाली, "अगं, मांजर लहान असतं ना. डोळ्यापासून पंजापर्यंत निरोपाला फार चालावं लागत नाही. हत्तीला पायात काटा टोचला तर डोक्याला कळायलाच वेळ लागतो."

"हो तर," मी म्हटलं. "आमच्या वेळचा एक हत्ती सकाळी टोचलेल्या काट्याला संध्याकाळी ओरडायचा. तोवर काटा काढून, मलम लावून, माहूत घरी जेवायला गेलेला असायचा."

ती इतकी हसली की पट्टी हातातून निसटायला आली. मग खेळ सुरू झाला, आणि मी जिंकत गेले. पट्टी सुटली की माझ्या चिमटीत. पुन्हा सोडली, पुन्हा चिमटीत, अगदी खालच्या टोकाला. टिचकी मला मांजरापेक्षा भारी म्हणायला लागली, आईला हाका मारून बोलवायला लागली. पण मी पट्टीकडे बघतच नव्हते. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते. घट्ट धरल्यावर नख पांढरं पडतं, आणि सोडायच्या जरा आधी त्याच्यात रक्त परत येतं, गुलाबी होतं. गुलाबी दिसलं की मी बोटं मिटत होते. चाळीस वर्षं मी हेच केलंय, हे मला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. माझा पाय कधी चपळ नव्हताच. मी शिकणाऱ्याच्या मानेवरची शीर बघायची, पायाचा घोटा बघायची, फुटपाथवरच्या पोराच्या हातातला सुटायला आलेला चेंडू बघायची, आणि गोष्ट घडायच्या आधी तिथे जाऊन बसायची. मी पळाले नव्हते कधी, मी लवकर निघत होते. आणि मग गोष्टी सांगण्यात गुंतले आणि निघायचं विसरले. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट आपण इतकी वर्षं कुणाच्या तरी खिशात हात घालून जगलो असं वाटलं.

तेवढ्यात सून बाहेर आली. डोळ्यांच्या दुकानातली ती, तिला काहीतरी दिसलं. ती म्हणाली आजी चीटिंग करतायत, आणि हसत हसत तिने वर्तमानपत्र माझ्या डोळ्यांसमोर आडवं धरलं, असं की मला टिचकीचा हात दिसू नये, फक्त पट्टीचं खालचं टोक दिसावं. मी बोटं उघडी धरली. पट्टीचं टोक स्थिर होतं. त्यावर शाईचा एक निळा डाग होता. मी त्या डागाकडे बघत राहिले, आणि डाग गेला. मला तो गेलेला दिसला. मी म्हटलं, गेला. आणि मग बोटं मिटली, एकमेकांवर, नख नखाला लागून टक् असा आवाज झाला. पट्टीचाही आवाज यायला हवा होता, खाली पडल्याचा, तो आलाच नाही, कारण साहेब सोफ्याखालून कधी आला कुणास ठाऊक, त्याने पट्टी फरशीला लागायच्या आत पंजाने दाबून धरली होती. दाताने टोक चावून ओलं केलं होतं. टिचकी टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, आजी मुद्दाम हरली, साहेबाला चान्स दिला. सून हसली नाही. तिने वर्तमानपत्राची नीट घडी घातली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि आत गेली. मी चिमटीत काही नसलेली दोन बोटं बघत होते. ती अजून मिटलेलीच होती. उघडायचं सांगितलं होतं, निरोप वाटेत होता.

त्यानंतरच्या दिवसांत मी चोरून सराव केला, यापेक्षा घाणेरडं काय असेल सांगा. घरात कुणी नसलं की साहेबासमोर बसायची आणि त्याच्या मिशीला बोट लावायचा प्रयत्न करायची. तो डोळे मिटून पडलेला असायचा, पोट वरखाली, कान मात्र माझ्याकडे. माझं बोट निघायच्या आत पंजा येऊन गेलेला असायचा आणि बोटावर लाल रेघ असायची. ती रेघ दिसायची आधी, झोंबायची नंतर. त्या मधल्या वेळात मी ती दुसऱ्याच्या बोटावर आहे अशी बघत बसायची. तो पंजा मग चाटायचा. माझं रक्त असायचं त्याच्यावर, तो ते चवीने चाटायचा, आणि मला वाटायचं, घे बाबा, निदान तुला तरी काहीतरी ताजं मिळालं. शाळेत मी गोष्टी बंद केल्या. गोगलगाय घाबरा झाला, बाई रागावल्यात का म्हणून मिशीवाल्याला विचारून आला, आणि त्याची गाडी नागमोडी जायला लागली. माझा पाय पूर्ण वेळ ब्रेकवर अधांतरी धरलेला, मांडी थरथरायला लागायची, दुखायची, आणि तरी मला माहीत नव्हतं की वेळ आली तर तो खाली जाईल की तिथेच लटकून राहील, खाटकाच्या दुकानातल्या तंगडीसारखा. अशा तंगडीच्या भरवशावर मला टिचकीला रस्त्यावर न्यायचं होतं.

शेवटी मी तिला सांगितलं. ती नवे बूट घालून आरशासमोर उभी होती, बुटांचे तळवे पातळ आहेत ना ते मला दाखवत होती, कारण ब्रेक तळव्याला कळायला हवा हे मीच तिला कधीतरी शिकवलेलं. मी म्हटलं, तू मिशीवाल्या मास्तरांकडे शिक. ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं चिडेल. ती चिडली नाही, तिचा आवाज लहान झाला.

"मी काय केलं, आजी?"

"तू काही नाही केलंस. नातेवाइकाला शिकवू नये, गाडीला कळतं. ती लाडावते, मग तिसरा गिअरच घेत नाही. माझ्या एका पुतण्याला तर त्याच्या मावशीने शिकवलं म्हणून त्याची गाडी आजन्म रिव्हर्समध्येच चालली."

ती हसली नाही. बुटाची नाडी सोडायला लागली. म्हणाली, "मग मला शिकायचंच नाही. मी सगळ्यांना सांगितलंय माझी आजी शेजारी बसणार म्हणून. तू असलीस की काही होत नाही." तिने हे इतकं साधेपणाने सांगितलं की मला तिच्या बुटावर ओकारी येईल असं वाटलं. तू असलीस की काही होत नाही. दारात सून उभी होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती टिचकीला म्हणाली की आजी येतील, मागे बसतील, मास्तर पुढे बसतील, म्हणजे दोन दोन शिक्षक. आणि मग माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच त्या पट्टीनंतर, तिने मान जराशी हलवली. तिने मला वाचवलं. ज्याच्या त्याच्या डोळ्यांत बत्ती मारून बघणाऱ्या बाईने मला इतक्या हळुवारपणे बाजूला ठेवलं की आवाजसुद्धा झाला नाही, आणि मला तिचा इतका राग आला की जेवताना मी तिच्याकडून मीठ घेतलं नाही. अळणी खाल्लं.

मागच्या सीटवर मी आयुष्यात बसले नव्हते. तिथे वास येतो, हे मला माहीतच नव्हतं. ओल्या छत्र्यांचा, कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा, सीटच्या फटीत सांडून सुकलेल्या गोड कशाचा तरी. चाळीस वर्षं लोक मागे बसून आपापल्या पाळीची वाट बघत होते ते या वासात. पुढे टिचकीची मान दिसत होती, केस वर बांधलेले, मानेवरची शीर ताणलेली. शेजारी मिशीवाला ऐसपैस बसला होता आणि कान खाजवत होता. माझ्यापुढे पुढच्या सीटची पाठ आणि खाली चटई. टिचकीने गाडी छान काढली. गल्लीतून बाहेर, वळणाला, दुकानांच्या रस्त्याला. टायरवाल्याच्या पायरीवर ती मळकट मांजर पिवळ्या उन्हात पाय ताणून पडली होती, तिने एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं, उठायची तसदी घेतली नाही. मी तिच्यावर डोळा ठेवून होते. ती उठेल, ती येईल, ती उलटी फिरेल. मान मागे वळवून मी तिच्याकडे बघत राहिले, आणि म्हणूनच पुढची म्हातारी मला दिसली नाही.

गाडी थांबली. मी पुढच्या सीटवर आपटले, कपाळ लागलं. समोर, बोनेटपासून हातभर, एक माझ्याच वयाची बाई भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या मध्ये उभी होती. ती भलतीकडेच बघत चालत होती. गाडी थांबली, टिचकी ओरडायची राहिली, मिशीवाला पुढे झुकला, हे सगळं होऊन गेलं, आणि मग ती बाई दचकली. आत्ता दचकली. तिचे खांदे वर गेले, तोंड उघडलं, पिशवी छातीशी आली, सगळं उशिरा, एकेक करून, मागून येणाऱ्या पत्रांसारखं. खालचा ओठ लोंबत होता, आत दात नव्हते, लाळ चमकत होती. मला तिची शिसारी आली, अंगभर, पार केसांच्या मुळापर्यंत. आणि त्याच वेळी माझ्या पायाला चटई लागली. माझा पाय दाबला गेला होता. आत्ता. तिच्या बरोबर. आम्ही दोघींनी एकदमच ब्रेक दाबला, ती बाई आणि मी, गाडी केव्हाच थांबून गेल्यावर.

बाईने पिशवी सावरली, बोनेटवर एक चापट मारली, आणि पोरींना गाड्या देतात कोण असं काहीतरी पुटपुटत निघून गेली. टिचकीचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. तिने विचारलं, ब्रेक मास्तरांनी दाबला ना. मिशीवाल्याने मिशीवरून बोट फिरवलं. म्हणाला, "मी कुठला. माझा पाय गेला तेव्हा ब्रेक खालीच होता. तूच दाबलास." आणि हे म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागला, जणू काही नाहीच, जणू उष्टा ब्रेक त्याच्या पायाखाली रोज येतो आणि तो रोज पुसून टाकतो. मग मागे वळून मला म्हणाला, असं झालं की समजायचं पोरगं शिकलं, नाही का बाई. मी त्याच्या दातांकडे बघत होते. तंबाखूने तपकिरी. यालाच मी शिकवलं होतं. हे असं सरळ सांगून टाकणं मात्र याला मी शिकवलं नव्हतं.

टिचकीचा श्वास हळूहळू खाली आला. तिने आरशात मला शोधलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"आजी, तुझ्या बाबतीत असं कधी झालंय? तुझ्याआधी दुसऱ्याचा पाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ही मांजर, ती आत्ता पडलीय ना पायरीवर, तीच. गोगलगाय. शिंकेची गोष्ट अर्धी राहिलेली. पाय चटईवर पसरलेला. मांजर मला आधी दिसली होती आणि निरोप मांडीत दम खात बसला होता. ब्रेक पायाखाली आला तो कुणीतरी चघळून टाकल्यासारखा. आणि त्यावर मी म्हटलं, मग. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही, पोलीस घातला नाही, टोपी घातली नाही. सांगताना माझा आवाज मला ओळखू येईना.

आधी मिशीवाला हसला. पोटापासून, खांदे हलवत. मग टिचकी. हसता हसता तिचे खांदे सैल झाले, बोटांत रक्त परत आलं, नखं गुलाबी झाली.

"गोगलगाय?" ती म्हणाली. "तुझ्याआधी गोगलगाय? आजी, तुझी कुत्र्याची गोष्ट मी मानली, हत्तीची मानली. पण ही थाप जरा जास्तच झाली हं."

तोंडात पुन्हा तेच, दाताच्या फटीत अडकलेलं. पण बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. आणि बरं वाटलं याची किळस आली, तीही जरा उशिराच. मी पाय उचलून सीटवर मांडी घातली, तो मांडीखाली दाबून टाकला, आणि म्हटलं, "बरं, राहू दे. क्लच दाब आणि पहिला टाक."

तिने आरशातली नजर काढून रस्त्यावर ठेवली. गाडी सरळ निघाली.